फुंकर मारून फुफ्फुसाचा कॅन्सर ओळखणारी पट्टी: खरंच असं काही आहे का?

कृष्णाकाठची
माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. माणूस एका कागदी पट्टीवर फुंकर मारतो, पट्टीवरचे ठिपके रंग बदलतात आणि खाली अक्षरं उमटतात की फुफ्फुसाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात घरबसल्या कळला. शेवटी मागवण्यासाठी मोबाईल नंबर.

आमचे मामा ६१ वर्षांचे, तरुणपणापासून विडी. सिटी स्कॅनचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून उठून जातात. पण हा व्हिडिओ बघून स्वतःहून म्हणाले, "मागव एक, बघू तरी." त्यांनी तपासणीला हो म्हणणं हीच आमच्याकडे बातमी आहे, म्हणून उडवून लावावंसं वाटत नाही. असं तंत्रज्ञान खरंच आहे का? असेल तर कुठवर आलंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
शेवटी नंबर दिलाय ना? मग पैसे भरल्यावर रंग बदलेल तो मागवणाऱ्याच्या चेहऱ्याचा.

नीलमोहोर
वाचतेय. आमच्याही ग्रुपवर आलाय हा. तिकडे वर 'नासाने मान्य केले' असं पण लिहिलंय.

रसायनी
व्हिडिओ थापेबाज आहे, पण मागची कल्पना थाप नाही. जरा सविस्तर लिहितो.

श्वासातून आपण नुसता कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवलं की उच्छ्वासात अडीचशेच्या आसपास निरनिराळे पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात. गाठीतल्या पेशींचा चयापचय वेगळा, त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण बदलत असावं, हा तर्क. इलिनॉय विद्यापीठातले केनेथ सस्लिक यांनी २००० साली वास रंगाने 'बघायची' पद्धत मांडली. छोट्या चौकोनावर रंगद्रव्यांचे ठिपके. काही आम्ल-अल्कली दाखवणारे, काही धातू असलेले पॉर्फिरिन, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या हीमच्या कुळातले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसाच प्रकार. फरक एवढाच की इथे एक हळद नसून निवडून घेतलेले तीन डझन रंग आहेत. एकेका ठिपक्याला फार अर्थ नाही. सगळ्यांचा मिळून जो नमुना तयार होतो तो महत्त्वाचा.

क्लीव्हलँड क्लिनिकच्या पीटर मॅझोन आणि सहकाऱ्यांनी असाच ३६ ठिपक्यांचा चौकोन वापरून २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. १४३ माणसं. त्यात ४९ फुफ्फुसाच्या कॅन्सरचे, २१ निरोगी, बाकीचे फुफ्फुसाच्याच दुसऱ्या आजारांचे. चांगली गोष्ट ही की तुलनेला नुसते धडधाकट लोक घेतले नव्हते. निकाल: कॅन्सर असलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ७२.४ टक्क्यांना 'नाही' असं बरोबर सांगितलं गेलं.

आणि हो, रंगातला फरक डोळ्यांनी बघून ठरवत नाहीत. आधीचं आणि नंतरचं चित्र एकातून एक वजा करतात आणि मग संगणक सांगतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली पट्टी धरून मामांना काहीही कळणार नाही.

शंकासुर
७३ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास की! मग अडलंय कुठे?

अनाहूत_पाहुणा
श्वासात अडीचशे पदार्थ? आमच्या सासरेबुवांच्या श्वासात शनिवारी रात्री एकच असतो.

टोपणनाव_सुचेना
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गणिती_गोगलगाय
@शंकासुर, अडलंय ते इथे. रसायनी यांनी दिलेलेच आकडे घेऊ.

समजा मामांसारख्या हजार विडीवाल्यांना ही पट्टी दिली आणि त्यातल्या दहा जणांना आत्ता खरोखर कॅन्सर आहे. ७३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले सात पकडले जातील, तिघांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवाल. आता उरलेले ९९०. त्यातल्या साधारण २७३ जणांची पट्टी विनाकारण रंग बदलेल. एकूण २८० जण घाबरून दवाखान्यात, आणि त्यात खरे रोगी सात. चाळीसात एक.

पट्टी वाईट नाही. रोग दुर्मीळ आहे म्हणून असं होतं. दवाखान्यात आलेल्या ४९ रोग्यांवर काढलेला आकडा गावातल्या पारावर बसलेल्या हजार जणांना लावला की त्याची अशी दशा होते. आणि ते जे तिघं 'काही नाही' ऐकून घरी गेले, ते वाटेत विडीचं बंडल घेऊन जाणार, हे वेगळंच.

चहाबाज
गोगलगायबाई, पारावरचे हजार जण कुठल्या गावात? आमच्याकडे पारावर चारच असतात आणि चौघंही मोबाईलमध्ये.

बोरीबंदरचा_बबन
मी बॉस्टनला असतो, म्हणून लिहितो. इथे एमआयटीत संगीता भाटिया यांची प्रयोगशाळा आहे (एमआयटी म्हणजे कोथरूडची नव्हे, आधीच सांगतो). भारतीय आईबापांची मुलगी, डॉक्टरही आणि इंजिनियरही. त्यांनी श्वासाच्या ऐवजी लघवीचा मार्ग धरलाय.

कल्पना भारी आहे. गाठ स्वतःहून जे काही सोडते ते इतकं थोडं असतं की शोधणं मुश्कील. म्हणून हे लोक गाठीकडूनच खूण बनवून घेतात. अतिसूक्ष्म कण शरीरात सोडायचे. त्यांना लटकवलेल्या खुणा कापायला ठरावीक कात्री लागते, आणि ती कात्री म्हणजे गाठीभोवती जास्त प्रमाणात असणारी प्रोटिएज नावाची विकरं. कापलेली खूण रक्तात येते, मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत उतरते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी हे कण नेब्युलायझरने किंवा पावडरीच्या इन्हेलरने ओढायचे, असं दाखवलं. सुई नाही. लघवीतली डीएनएची खूण कागदी पट्टीवर रेघ होऊन दिसते.

शंकासुर
हां! म्हणजे गरोदरपणाच्या किटसारखं. मग हेच मागवा की मामांना.

बोरीबंदरचा_बबन
मागवायला ते उंदरांवर आहे अजून. उंदरांत गाठी मुद्दाम तयार केल्या, साडेसात आठवड्यांनी कण दिले आणि मग तपासलं. २० प्रकारच्या खुणांपासून सुरुवात करून चारवर आणल्या. माणसाच्या फुफ्फुसात हीच चार पुरतील की नाही, ते माणसांवर करूनच कळणार.

सातारी_कंदी
उंदराला विडी पाजली का मग? आमच्याकडचा उंदीर असता तर बंडलच पळवलं असतं.

नीलमोहोर
पण कागदी रेघ म्हणजे रंग बदलणं नाही ना? निळी लघवी वगैरे वाचलं होतं मी कुठेतरी.

रसायनी
@नीलमोहोर, बरोबर वाचलंत. ते २०१९ चं काम, भाटिया यांची प्रयोगशाळा आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या मॉली स्टीव्हन्स यांनी मिळून केलेलं. ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं, फुफ्फुसाचं नव्हे. तेही उंदरांवरच.

त्यात सोन्याचे दोन नॅनोमीटरच्याही आतले पुंजके वापरले होते. गाठीजवळ विकराने बांधणी तोडली की पुंजके सुटतात आणि इतके लहान असतात की मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होतात. बांधणी शाबूत असेल तर मोठे राहतात, गाळणीत अडतात. मग लघवीत टीएमबी नावाचं रंग देणारं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. सोनं असेल तर निळा रंग.

टीएमबी आमच्या रोजच्या हातातलं आहे. एलायझा नावाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ते शेवटी टाकतात. टाकलं की काही क्षण काहीच होत नाही, सगळे खड्डे पाण्यासारखे. मग एखाद्या कोपऱ्यातून फिकट निळं चढायला लागतं आणि बघता बघता गडद होतं. वेळेत आम्ल टाकून थांबवावं लागतं, टाकल्याबरोबर निळ्याचं पिवळं. थांबवायला उशीर झाला तर जिथे काही नाही तिथेही निळसर झाक येते. नवखी मुलं हमखास त्या झाकेलाच निकाल समजतात. म्हणून मला 'घरच्या घरी डोळ्यांनी रंग बघा' म्हटलं की धास्ती वाटते. रंग आला का, हा प्रश्नच अपुरा आहे. किती आला, किती वेळात आला आणि शेजारच्या कोऱ्या खड्ड्यापेक्षा किती जास्त आला, हे विचारावं लागतं.

अनाहूत_पाहुणा
सोनं लघवीतून?! सध्याच्या भावात? बायको पेशंटला घराबाहेर जाऊ देणार नाही.

चहाबाज
सुवर्णभस्मवाले आता म्हणतील, आमच्याकडे हे आधीपासूनच होतं.

मिरजेचा_फोटोवाला
रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर छातीचे फोटो आणि सिटी बघतो. दोन गोष्टी लिहितो.

रसायनी यांच्या निळ्या लघवीवरून आठवलं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, ते घेणाऱ्याची लघवी नारिंगी-लालसर होते. आमच्या भागात खोकला, वजन घटलंय, फोटोवर डाग, अशा कितीतरी जणांना आधी टीबीचा कोर्स चालू होतो. म्हणजे ज्याला ही चाचणी सगळ्यात आधी करायला हवी, त्याचा रंग आधीच बिघडलेला. बोस्टनच्या उंदरांना हा त्रास नसतो. कागदी पट्टीवर रेघ दाखवणारी पद्धत त्या दृष्टीने बरी.

दुसरं. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण, कॅल्शियमचे खडे, लहान गाठी हे सिटीत सर्रास दिसतं. पट्टीचा रंग बदलला म्हणून २७३ निरोगी माणसं माझ्याकडे आली, तर त्यातल्या अनेकांच्या सिटीत मला काहीतरी दिसणारच आहे! मग सुई घालून तुकडा काढायचा का? सुई घातल्यावर फुफ्फुसाभोवती हवा भरण्याचा धोका असतो. निरोगी माणसाला तो धोका कशाच्या जोरावर घ्यायला लावायचा, तर एका ठिपक्याच्या.

वैनतेया
डॉक्टरांनी टीबीचा विषय काढला म्हणून लिहिते. माझ्या काकांना हेच झालं. फोटोत सावली दिसली, थुंकीत काही सापडलं नाही, तरी टीबीचा कोर्स चालू केला. कोर्स चालू असताना सावली वाढत होती आणि 'औषधाला वेळ लागतो' हे उत्तर मिळत होतं. तुकडा तपासायला पाठवेपर्यंत कॅन्सर हाडात गेला होता. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, त्या एकाचाच तो दोष नाही हे आता कळतं. पण तेव्हा एखादी पट्टी असती, अगदी सत्तर टक्केवाली, आणि तिचा रंग बदलला असता, तर आम्ही कुणाच्या तरी टेबलावर ती आपटली असती. सगळे खोट्या धोक्याच्या घंटेबद्दल लिहितायत म्हणून ही दुसरी बाजू.

गणिती_गोगलगाय
वैनतेया, तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि हिशेबही तुमच्याच बाजूने आहे. काकांच्या बाबतीत सावली आधीच होती, लक्षणं होती. अशा शंभर जणांत कॅन्सरवाले दहाच्याही वर निघू शकतात. तिथे तीच ७३-७२ वाली पट्टी बरंच काही सांगून जाईल. पारावरच्या धडधाकट माणसाला जे निरुपयोगी, ते टीबीच्या कोर्सवर सावली वाढणाऱ्याला उपयोगी. चाचणी तीच, माणूस वेगळा.

मिरजेचा_फोटोवाला
+१. माझं म्हणणं पहिल्या गटापुरतं होतं. वैनतेया म्हणतायत त्या ठिकाणी अशी चाचणी आली तर मी पहिला वापरीन. तोवर नियम साधा: थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि औषधं चालू असून सावली वाढतेय, तर थांबू नका. सिटी करा, तुकडा पाठवा.

शंकासुर
एक मिनिट. खोट्या घंटेचा एवढा बाऊ करताय, मग सिटीचं काय? अमेरिकेच्या त्या मोठ्या अभ्यासात सिटीत काहीतरी सापडलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना कॅन्सर नव्हताच. मग पट्टी आणि सिटीत फरक काय राहिला?

मिरजेचा_फोटोवाला
शंकासुर, आज पहिल्यांदा तुमची शंका आवडली :-)

तो अभ्यास २०११ चा, ५३,४५४ माणसं, सगळे जोरदार सिगारेटवाले. आकडा बरोबर आहे, ९६.४ टक्के. पण सिटीत मला गाठ *कुठे* आहे आणि *केवढी* आहे ते दिसतं. सहा मिलिमीटरच्या आतली असेल आणि धोका कमी असेल तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. सहा ते आठ असेल तर सहा-बारा महिन्यांनी परत बघतो, वाढली का ते. म्हणजे घंटा खोटी निघाली तरी बहुतेकांची सुटका पुढच्या सिटीवर होते, सुरी लागत नाही. पट्टीचा रंग बदलला पण सिटीत काहीच दिसलं नाही, तर त्या माणसाला मी काय सांगू? उजवं की डावं, आज की पाच वर्षांनी?

आणि मुख्य म्हणजे त्या अभ्यासात छातीच्या फोटोच्या तुलनेत कमी डोसच्या सिटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. नंतर नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात पुरुषांमध्ये २४ टक्के. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी रंग बदलणाऱ्या कुठल्याही चाचणीने अजून एकही मृत्यू टळल्याचं दाखवलेलं नाही. साध्या छातीच्या फोटोनेही नाही बरं का, दीड लाखावर लोकांवर बघितलं, फरक शून्य. म्हणून 'दरवर्षी फोटो काढतो, क्लिअर आहे' यावर निर्धास्त राहू नका.

मालवणी_मामी
कुत्रे वासाने कॅन्सर ओळखतात म्हणे, ता खरा काय? आमचो टायगर फक्त पेडव्यांचो वास ओळखता.

रसायनी
मामी, खरंय. २००६ मध्ये अमेरिकेत साध्या पाळीव कुत्र्यांना शिकवून श्वासाच्या नमुन्यांवर प्रयोग झाला होता, निकाल थक्क करणारे होते. पण कुत्रा कंटाळतो, शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो, आणि एकासारखा दुसरा नसतो.

सातारी_कंदी
म्हंजी अगदी आमच्या ऑफिससारखं.

चहाबाज
धागा भरकटायच्या आत: तो व्हिडिओवाला नंबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवून टाका. कुणी ना कुणी पैसे भरतंच.

टेम्सकाठची_टवळी
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे पट्टी वगैरे नाही, सरळ सिटीचा ट्रक येतो. मँचेस्टरला २०१६ मध्ये शॉपिंग सेंटरजवळ ट्रक उभे करून सुरुवात झाली, आता सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही असतात. ५५ ते ७४ वयाच्या, कधीकाळी का होईना सिगारेट ओढलेल्यांना बोलावणं जातं. आधी आमच्यापैकी कुणीतरी प्रश्न विचारतं: किती ओढता, घरात कुणाला झाला होता का, ॲस्बेस्टॉसचं काम केलंय का. त्यावरून धोका काढायचा आणि जास्त असेल त्यालाच ट्रकमध्ये चढवायचं. म्हणजे गोगलगायबाईंचा हिशेबच, फक्त गाळणी प्रश्नांची.

हॉस्पिटलच्या पायरीला घाबरणारी माणसं दूध-ब्रेड घ्यायला येतात आणि तेवढ्यात स्कॅन करून जातात. मामांसारखी बरीच बघितली आहेत मी.

बोरीबंदरचा_बबन
हे छान आहे, पण गडचिरोलीला असे ट्रक किती आणि कधी पोचणार? भाटिया यांचा गट मुद्दाम कागदी पट्टीच्या मागे आहे तो यासाठीच, जिथे सिटी नाही तिथे वापरता यावी म्हणून. पट्टी निकाल देणार नाही, पण कुणाला जिल्ह्याच्या गावी पाठवायचं ते सांगेल. तेवढं जमलं तरी पुष्कळ. मला वाटतं इथे सगळे पट्टीला सिटीच्या जागी बसवून नापास करतायत.

गणिती_गोगलगाय
मान्य. पण मग गाळणी म्हणून वापरताना तिने दहातले तीन सोडून चालणार नाही. नऊ-साडेनऊ तरी पकडायला हवेत, मग खोट्या घंटा थोड्या जास्त झाल्या तरी चालतील. आणि हा आकडा माणसांत, टीबीवाल्या, चुलीच्या धुरात राहिलेल्या, आपल्याच माणसांत काढलेला हवा. क्लीव्हलँडचा उसना घेऊन भागणार नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मामांना वाचून दाखवला. उंदीर आणि सोन्याला हसले, गोगलगायबाईंच्या हिशेबावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरला विचार, माझी विडी मोजतात कशी?" हे विचारलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली असं धरते.

आणि एक. मामींनी कधी विडी ओढली नाही, पण मिश्री लावतात आणि गॅस येईपर्यंत चूलच होती. त्यांचं काय?

मिरजेचा_फोटोवाला
सिगारेटचा हिशेब असा: रोज २० चं एक पाकीट, असं २० वर्षं, म्हणजे २० 'पॅक-वर्षं'. अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या, एवढं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्यांना दरवर्षी कमी डोसची सिटी सुचवतात. विडीत तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून सारखी आणि खोल ओढावी लागते, त्यामुळे 'छोटी आहे' म्हणून सूट देऊ नका. मामा या कप्प्यात सहज बसतात. कमी डोसच्या सिटीत किरणं नेहमीच्या सिटीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. त्यांना सांगा, मशीन बोगद्यासारखं लांब नसतं, जाड कड्यासारखं असतं आणि श्वास एकदाच काही सेकंद रोखायचा असतो. कोंडल्यासारखं होतं ते एमआरआयमध्ये. लोक दोन्हींत गल्लत करतात. आणि करायच्या आधी छातीच्या डॉक्टरांशी बोला, टीबी पूर्वी झालाय का ते सांगा, जुने फोटो असतील तर बरोबर न्या. जुना फोटो हातात असला की अर्ध्या खोट्या घंटा तिथेच बंद होतात.

मामींचं अवघड आहे. हे सगळे नियम ओढणाऱ्यांसाठी बनलेत. न ओढणाऱ्यांना होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आशियात, विशेषतः बायकांत, बराच दिसतो. तैवानने घरात कुणाला झाला असेल तर न ओढणाऱ्यांनाही सिटीत घेतलंय. आपल्याकडे तसा नियम नाही. मिश्रीचा मुख्य धोका तोंडाला, तेव्हा तोंड दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

मामींना खोकला आहे का?

कृष्णाकाठची
आहे. दिवाळीपासून. चुलीचा म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

मिरजेचा_फोटोवाला
मग मामांच्या आधी मामींना न्या. ज्याला काही होत नाही त्याच्यासाठी पट्टी, ट्रक, पॅक-वर्षं ही चर्चा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेल्याला थेट तपासायचं: थुंकी, फोटो, गरज पडली तर सिटी. फोटो काढलात की इथे कळवा.